तीन मीटर

आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिलाच. हे मोठेपणा म्हणून सांगत नाही. पुढची हकीकत या एका गोष्टीवाचून कळणार नाही, म्हणून सांगतो. आमचे आबा चौथीपर्यंत शिकले आणि नंतर गुरांमागे गेले. आईला सही करता येते. त्यामुळे शिनोलीच्या आमच्या घरात कोणताही कागद आला, की तो आधी माझ्या हातात येतो. विजेचे बिल, सोसायटीची नोटीस, सातबाऱ्याचा उतारा, दवाखान्याची चिठ्ठी, सारे मी वाचायचे आणि मी सांगेन ते खरे मानायचे, अशी रीत पडून गेली आहे. या विश्वासाचे ओझे किती असते याची मला कल्पना नव्हती. उलट त्याची थोडी ऐटच वाटे.

प्रथम वर्षाला मी भूगोल घेतला. प्रात्यक्षिकाच्या पहिल्याच तासाला नकाशाचे प्रमाण शिकवले गेले. प्रमाण सांगण्याच्या तीन रीती आहेत. ‘एक सेंटिमीटरला दहा मीटर’ असे शब्दांत सांगितले की ते शब्दप्रमाण; १:१००० असे आकड्यांत मांडले की अंकप्रमाण; आणि नकाशाच्या तळाशी पट्टी काढून तिचे भाग पाडले की रेषाप्रमाण. परीक्षेत प्रश्न आला, ‘रेषाप्रमाणाचा विशेष फायदा सांगा.’ मी लिहिले, ‘मूळ नकाशा लहान अथवा मोठा केला तरी रेषाप्रमाण त्याच पटीत लहानमोठे होते व म्हणून ते बरोबर राहते. शब्दप्रमाण व अंकप्रमाण मात्र चुकीचे ठरते.’ या उत्तराला पूर्ण गुण मिळाले. हे वाक्य वाचकांनी लक्षात ठेवावे. मी ते लक्षात ठेवले नाही.

गेल्या वर्षी पौषात, संक्रांतीच्या आधी, आबांनी पत्र्याच्या पेटीतून एक कागद काढून माझ्यापुढे ठेवला. आजोबांच्या माघारी आमच्या जमिनीची आबांत आणि थोरल्या तात्यांत वाटणी झाली, तेव्हा सरकारी मोजणी झाली होती. त्या मोजणीची जी ‘क’ प्रत मिळते, तिची ही झेरॉक्स. मूळ प्रत तात्यांच्या घरी. “तू नकाशाचंच शिकतो ना? मग बघ बरं आपलं कसं कसं हाये ते,” आबा म्हणाले. त्यांच्या मनात काही किल्मिष नव्हते. पोराला आपल्या शेताचा नकाशा वाचता येतो, हे त्यांना फक्त पाहायचे होते.

कागदाच्या कोपऱ्यात ‘प्रमाण १:१०००’ असे स्वच्छ लिहिलेले होते. मी मोजपट्टी लावली. तात्यांच्या पट्टीची रस्त्याकडची बाजू नकाशावर ५.७ सेंटिमीटर भरली. म्हणजे जमिनीवर सत्तावन्न मीटर. दुसऱ्या दिवशी तात्या घोडेगावच्या बाजाराला गेलेले पाहून मी आणि माझा एक मित्र, तीस मीटरचा टेप घेऊन बांधावर गेलो. टेप पूर्ण दोनदा लागला. साठ मीटर!

नकाशात सत्तावन्न आणि जागेवर साठ. तीन मीटर, म्हणजे जवळजवळ दहा फूट, तात्यांकडे जास्त. पट्टीची लांबी एकशे दहा मीटर. तीन गुणिले एकशे दहा म्हणजे तीनशे तीस चौरस मीटर. आजोबांच्या तोंडी नेहमी तेहतीस फुटी साखळीचे माप असे. साखळीचे सोळा आणे, साखळीभर लांब आणि साखळीभर रुंद तो एक गुंठा, आणि चाळीस गुंठ्यांचा एकर. १८३५ च्या सुमारास गोल्डस्मिड आणि विंगेट या इंग्रज अधिकाऱ्यांनी इंदापूरकडून जी जमीनमोजणी सुरू केली, तिच्यातून ही मापे गावोगावच्या बोलण्यात मुरली आणि मीटर येऊनही गेली नाहीत. मी हिशेब गुंठ्यांत केला, कारण आबांना गुंठे कळतात. “आबा, आपले सव्वातीन गुंठे तात्यांकडं गेलेत,” मी म्हणालो.

आबा बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, “नीट मोजलं का?” मी म्हणालो, “दोनदा.” हे खरे होते. मी दोनदा मोजले होते. फक्त एक गोष्ट मी केली नव्हती. आमची स्वतःची पट्टी मी मोजली नव्हती, ना कागदावर, ना जागेवर. आपलीच जमीन, ती काय मोजायची, असे मला वाटले.

पुढचे सगळे सांगत नाही. आबांनी माझ्याकडून बांधाच्या आत तीन मीटरवर खुंट्या ठोकून घेतल्या. संध्याकाळी तात्या आले, खुंट्या पाहिल्या आणि आबांना विचारले, “ह्ये कुणी सांगितलं?” आबांनी माझ्याकडे बोट दाखवले, त्या बोटात अभिमान होता. तात्या मला एक शब्दही बोलले नाहीत. त्या संक्रांतीला दोन घरांत तिळगूळ दिला-घेतला गेला नाही. सामाईक विहिरीच्या पाण्याची पाळी घड्याळ लावून सुरू झाली. मिनिट झाले की मोटार बंद. आजी दोन्ही घरी महिना महिना राहते. तिचे अंथरूण इकडून तिकडे नेताना मी तात्यांच्या उंबऱ्याशी ते ठेवून परत फिरे. असे दहा महिने गेले.

या दिवाळीच्या सुट्टीत फीचे पैसे जमवावेत म्हणून मी मंचरला एका इमारतींचे नकाशे करणाऱ्या कचेरीत कामाला लागलो. माझा आतेभाऊ तेथे ड्राफ्ट्समन आहे. काम म्हणजे बहुतेक झाडलोट, चहा आणि प्रिंट काढून आणणे. पण रिकाम्या वेळी दादा मला संगणकावर नकाशा काढायला शिकवी. ऑटोकॅड नावाचा जो प्रोग्राम आहे तो १९८२ सालापासून जगात आहे. आमच्यासारख्यांच्या वाट्याला तो आत्ता येत आहे.

पहिल्याच दिवशी माझी फजिती झाली. दादाने तीन मीटरची एक खोली काढायला सांगितली. कोणत्या प्रमाणात काढू, असे मी विचारले. भूगोलाचा विद्यार्थी, दुसरे काय विचारणार? दादा हसला. “प्रमाण-बिमाण काही नाही. खोली तीन हजार मिलिमीटर आहे ना? मग तीन हजार लिही. संगणकात जागेची टंचाई नाही. वस्तू जेवढी आहे तेवढीच काढायची.” मी तशी काढली. मग खोलीत ‘किचन’ असे नाव घालायचे होते. छापील कागदावर अक्षर तीन मिलिमीटर उंच असले की वाचायला बरे पडते, असे दादा म्हणाला होता. म्हणून मी अक्षराची उंची तीन लिहिली. पडद्यावर काहीच दिसेना. मी पुन्हा लिहिले, तरी दिसेना. शेवटी दादाने तो भाग मोठा, आणखी मोठा करून दाखवला, तेव्हा खोलीच्या मध्यावर मुंगीएवढी अक्षरे निघाली, एकावर एक तीन वेळा लिहिलेली. बरोबरच होते. मी तीन मीटरच्या खऱ्या खोलीत तीन मिलिमीटरचे खरे अक्षर लिहून ठेवले होते. जमिनीवर मोहरी टाकून ती दारातून दिसावी, अशी माझी अपेक्षा होती.

मग मी अक्षर तीनशेचे केले. शंभरपट लहान करून, म्हणजे १:१०० ला छापले की तीनशेचे तीन होतात. झकास दिसले. पण तेच घर जेव्हा सबंध जागेच्या नकाशात, १:५०० ला छापायची वेळ आली, तेव्हा तीच अक्षरे ०.६ मिलिमीटरची झाली. घर बरोबर लहान झाले होते, पण नावे वाचेनात. तेथे अक्षर पंधराशेचे हवे होते. आणि पंधराशेचे केले, की १:१०० च्या कागदावर तेच अक्षर पंधरा मिलिमीटरचे होऊन भिंतींवर चढते.

तेव्हा दादाने जे सांगितले ते मी वहीत लिहून ठेवले आहे. रेषा जमिनीची असते, अक्षर कागदाचे असते. भिंत, बांध, विहीर यांना जागेवर माप आहे. कागद लहान झाला की ती लहान व्हावीत, हे योग्यच. पण ‘किचन’ या शब्दाला जागेवर काहीच माप नाही. तो तेथे नसतोच. तो वाचणाऱ्यासाठी लिहिलेला असतो, म्हणून त्याचे माप वाचणाऱ्याच्या डोळ्यावरून ठरते. मापांचे आकडे, बाणांची टोके, भिंतीतील तिरप्या रेघा यांचेही तसेच. पूर्वी बोर्डावर टी-स्क्वेअर लावून हाताने नकाशे काढीत, तेव्हा हा प्रश्नच नव्हता. प्रमाण आधी ठरवावे लागे आणि अक्षर कागदावरच जन्माला येई. संगणकात वस्तू आधी खऱ्या मापाने निघते आणि प्रमाण शेवटी, छापताना ठरते. म्हणून अक्षराची पंचाईत. कितीएक वर्षे ड्राफ्ट्समन लोक एकाच नकाशासाठी नावांचे दोन-दोन, तीन-तीन संच वेगवेगळ्या थरांत लिहून ठेवीत आणि हवा तो थर चालू करीत. मग २००८ च्या आवृत्तीपासून अक्षरालाच सांगून ठेवण्याची सोय झाली, की ‘तू कागदावर तीन मिलिमीटरच दिसायचे.’ मग नकाशा कोणत्याही प्रमाणात पाहा. त्या प्रमाणाचा गुणाकार ते अक्षर आपणच करून घेते. मात्र कोणकोणत्या प्रमाणांसाठी ते आहे, हे त्याला आधी नेमून द्यावे लागते. ज्या प्रमाणाचे नाव त्याला दिलेले नाही, त्या प्रमाणात ते दिसेलच असे नाही.

हे ऐकताना मला आपल्या भूगोल विभागातील स्थलनिर्देशक नकाशा आठवला. त्याचे प्रमाण १:५०,०००. त्यावर गावाचे नाव सेंटिमीटरभर लांब छापलेले असेल, तर ते अक्षरशः जमिनीवर मांडल्यास अर्धा किलोमीटर जागा अडवील. अर्ध्या मिलिमीटरच्या रेघेने दाखवलेला रस्ता पंचवीस मीटर रुंद होईल; आमचा भीमाशंकरचा रस्ता तेवढा रुंद असता तर एस. टी. कधीच अडकली नसती! आजवर मी नकाशा म्हणजे जमिनीचे लहान केलेले चित्र समजत होतो. तसे ते नसते. त्यात एक भाग जमिनीचा असतो आणि एक भाग वाचणाऱ्यासाठी घातलेला असतो, आणि दोहोंची मापे निरनिराळी असतात. आमच्या तालुक्याचेच पाहा. ज्या आंबेगावावरून तालुक्याला नाव मिळाले, ते जुने गाव डिंभे धरणाच्या पाण्याखाली गेले. जमीन बुडाली, अक्षर तेवढे वर राहिले.

चौथ्या दिवशी मी घराचा नकाशा पूर्ण केला आणि प्रिंट काढून मोठ्या ऐटीत दादापुढे ठेवला. खाली ‘१:१००’ असे लिहिलेले होते. अक्षरे नेटकी होती. दादाने खिशातून मोजपट्टी काढून तीन मीटरच्या खोलीवर ठेवली. तीस मिलिमीटर यायला हवे होते. आले साडेअठ्ठावीस.

“फिटवर टिचकी मारली होती का?” त्याने विचारले.

मारली होती. प्रिंटच्या चौकटीत ‘फिट’ असा पर्याय असतो. नकाशाच्या कडा कापल्या जाऊ नयेत म्हणून तो सगळे चित्र कागदात बसेल इतके आकसून घेतो. माझे चित्र पाच टक्के आकसले होते. भिंती आकसल्या, अक्षरे आकसली. ‘१:१००’ हा आकडाही आकसला, पण आकडा लहान छापला म्हणून त्याची किंमत थोडीच बदलते? तो तसाच ‘१:१००’ म्हणत राहिला.

“हा कागद गवंड्याच्या हातात गेला असता, तर त्याने पट्टी लावून पाया आखला असता,” दादा म्हणाला. “खोटं बोलणारा कागद फाटक्या कागदापेक्षा वाईट. फाटका निदान दिसतो तरी.”

मी काही बोललो नाही. माझ्या डोळ्यांपुढे साडेअठ्ठावीस आणि तीस हे दोन आकडे होते. आणि मग त्यांच्या शेजारी ५.७ आणि ६ येऊन बसले. साडेअठ्ठावीसला तीसने भागले तर पंचाण्णव टक्के. सत्तावन्नला साठने भागले तरी पंचाण्णवच.

त्या रात्री मी मंचरहून शेवटच्या गाडीने घरी आलो. सकाळी कोणी उठण्यापूर्वी टेप घेऊन आमच्या पट्टीवर गेलो. एकटाच होतो, म्हणून टेपचे टोक दगडाखाली दाबले. टेप दोनदा पूर्ण लागला. साठ मीटर. घरी येऊन झेरॉक्सवर आमची पट्टी मोजली. ५.७ सेंटिमीटर. दोघा भावांची वाटणी सारखी होती. पाच टक्क्यांनी लहान झाला होता तो कागद. मूळ नकाशा कागदाच्या कडेपर्यंत भरलेला असणार, आणि प्रत काढताना कडा राहाव्यात म्हणून कोणीतरी तो जरासा बारीक करून घेतला असणार. त्यात त्याचा काय दोष? त्याला अक्षरे वाचता येतील अशी प्रत हवी होती. तिच्यावर पट्टी लावणारा मी होतो. ‘मूळ नकाशा लहान अथवा मोठा केला तरी’ असे लिहून पूर्ण गुण घेणाराही मीच.

आबा गोठ्यात धार काढीत होते. मी उभ्या उभ्या सगळे सांगितले. टक्के आणि प्रमाण त्यांना समजले की नाही कोण जाणे. पण ‘माझं चुकलं’ हे समजले. त्यांनी धार पुरी केली, चरवी बाजूला ठेवली आणि म्हणाले, “मला कशाला सांगतो? ज्याला सांगायचं त्याला सांग.”

दहा महिन्यांनी मी तात्यांचा उंबरा ओलांडला. तात्यांनी माझे सारे ऐकून घेतले, उठून पेटी उघडली आणि मूळ प्रत माझ्या हातात दिली. मी पट्टी लावली. बरोबर सहा सेंटिमीटर. शेजारची आमची पट्टी, तीही सहा. तेव्हा माझ्या हेही ध्यानात आले, की त्या नकाशावरची शाईची रेघच मुळी अर्धा मिलिमीटर जाड आहे. म्हणजे जमिनीवर अर्धा मीटर. नुसत्या मोजपट्टीने बांधाचा निवाडा करायला निघणे, हेच धाडस होते. शंका होती तर रीतसर मोजणी मागवायची. निदान तात्यांकडे येऊन मूळ कागद पाहायचा. त्यासाठी कॉलेज लागत नाही.

“तात्या, हा कागद तुमच्याकडं होता. तुम्ही तेव्हाच का नाही दाखवला?” मी विचारले.

तात्या म्हणाले, “आरं, तुझ्या आबानं कागद मागितलाच नाही. पोरगं म्हणतंय म्हणजे खरंच, एवढंच म्हणाला. तू शिकलेला. मी कशाला तुझ्या तोंडाला लागू? खुंट्या ठोकल्या त्याचं काही नाही. पण भावानं इचारलं नाही, ह्याचं वाईट वाटलं.”

याला माझ्यापाशी उत्तर नव्हते. काकूने चहा ठेवला. मी तो प्यालो.

त्यानंतर दोघे भाऊ गळ्यात पडले, असे काही झाले नाही. गोष्टींत होते तसे आयुष्यात पटकन होत नसावे. आबांनी खुंट्या मात्र त्याच दुपारी स्वतः उपटल्या. आठवड्याने तात्यांचा मुलगा आमच्या दारात येऊन सांगून गेला, “आमचं भिजवून झालंय. आबांना म्हणावं, मोटार चालूच ठेवली हाये.” आबांनी घड्याळाकडे पाहिले. पाळीला अजून वीस मिनिटे अवकाश होता. ते काही न बोलता खोरे घेऊन गेले.

ती झेरॉक्स आता माझ्याकडे आहे. तिच्यावरचे ‘१:१०००’ मी लाल शाईने खोडले. ते आता सुमारे १:१०५३ आहे. पण हा आकडा मी लिहिला नाही, कारण उद्या कोणी या प्रतीची प्रत काढली तर तोही खोटा पडेल. त्याऐवजी तळाशी ४.७५ सेंटिमीटरची एक रेघ ओढली, तिचे पाच सारखे भाग केले आणि टोकाशी लिहिले, ‘५० मीटर’. आता कागद कितीही लहान-मोठा करा, रेघ त्याच्याबरोबर लहान-मोठी होईल.

मित्रहो, आपल्यापैकी कितीतरी जण माझ्यासारखेच आहेत, घरातले पहिले. आपण घरी जातो आणि आपल्यापुढे कागद ठेवला जातो. आपण जे वाचून दाखवू, ते तेथे दुसरे कोणी तपासून पाहत नाही. परीक्षेत चुकले तर गुण जातात. तेथे काय जाते हे मी पाहिले. म्हणून आता कोणताही कागद हातात आला, की तो मूळचा केवढा होता, हे मी आधी विचारतो. आणि दुसऱ्याची पट्टी मोजण्यापूर्वी आपली मोजतो.